गोड पाण्याची ओळ

नसरीन,

काल तुझ्या शोकसभेत तुला मनमिळाऊ म्हणाले. आधी प्राचार्य म्हणाले, मग त्यांचं ऐकून बाकीचेही म्हणू लागले. ओळखपत्रावरचा तुझा फोटो मोठा करून टेबलावर ठेवला होता. त्यात तू कॅमेऱ्याकडे असं बघते आहेस की वाटावं, त्याच्याकडून तुला लेखी खुलासा हवा आहे. पहिल्या रांगेतल्या किती लोकांनी तुला व्हरांड्यातून येताना पाहून जिना बदललेला आहे ते मला माहीत आहे. प्रत्येक शोकसभेत तू माझ्या कानाशी लागून म्हणायचीस, 'मेल्या म्हशीला मणभर दूध.' काल ते म्हणायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून मीच मनातल्या मनात म्हणून घेतलं.

मलाही बोलायला उठवलं. अकोल्याहून खास आल्या आहेत, मॅडमच्या संशोधनातल्या सहकारी, वगैरे. मी म्हणाले, "नसरीन ऐकायची छान आणि भांडायची त्याहून छान," आणि खाली बसले. लोकांना वाटलं, मला पुढे बोलवेना. तसं काही नव्हतं. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे आणखी काही नव्हतं, इतकंच.

मी रडले नाही. तू गेलीस त्या दिवशी तुझ्या घरी बायकांत बसले होते तेव्हाही नाही. पुरुष तुला घेऊन कब्रस्तानाकडे निघाले, आत रडारड झाली, आणि मी खिडकीतून खाली तुमच्या गादी-रजईच्या दुकानाचं बंद शटर बघत होते. तुझ्या भावजयीनं मला पाणी आणून दिलं. तिला वाटलं असेल, ही बाई दगड आहे. खरं सांगायचं तर मला तुझा राग आला होता. साधा ताप आहे म्हणून दवाखान्यात गेलीस, आणि आपलं काम अशा ठिकाणी सोडून गेलीस की ते मला पुढेही नेता येईना आणि मागेही.

आपलं काम काय होतं, हे काल कुणी धड सांगितलं नाही. 'महिलांच्या प्रश्नांवर' असं मोघम म्हणून सगळे पुढे गेले. कॉलेजात एखाद्या मुलीवर हात टाकला जातो, जबरदस्ती होते. ती तक्रार करते किंवा करत नाही. आणि मग तिच्या शिक्षणाचं काय होतं, एवढंच आपण शोधत होतो. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत, तुझ्या ओळखीनं आणि माझ्या सुट्ट्यांच्या हिशोबानं. मी अर्थशास्त्र शिकवणारी, तक्ते करणारी. तू समाजकार्य शिकवणारी, ऐकणारी. पहिल्याच दिवशी मी तुला प्रश्नावली करून दाखवली होती. तू ती वाचलीस आणि तिची घडी करून तिच्यावर चहाचा कप ठेवलास.

"हे सगयं 'काय झालं, काय झालं' हाये," तू म्हणालीस. "थे तिले पोलिसानं इच्यारलं, कमिटीनं इच्यारलं, आईनं इच्यारलं. आपन काहून इच्यारायचं?"

"मग काय विचारायचं?"

"मंग काय काय सुटलं, थे इच्यारायचं."

तोच आपला एकमेव प्रश्न झाला. त्यानंतर काय काय सुटलं? मुली त्याचं उत्तर न अडखळता द्यायच्या, याचं मला आधी नवल वाटलं. प्रॅक्टिकलची बॅच सुटली. वसतिगृह सुटलं. एनसीसी सुटली. मैत्रीण सुटली. सकाळची गाडी सुटली, कारण तो त्याच गाडीनं यायचा. एकीनं सांगितलं होतं, कॅन्टीनचा समोसा सुटला, आणि सांगून हसली होती. मी विचारलं, समोशाचा तक्ता कसा करू? तू म्हणालीस, ते तुझं तू बघ.

आणि ऐकायची तुझी ती जागा. कॉलेजात बोलायचं नाही, मुलीच्या घरी जायचं नाही, तुझ्या घरी बोलवायचं नाही, हॉटेलात तर नाहीच. एसटीत. अमरावतीहून दर्यापूर, अमरावतीहून मोर्शी, मूर्तिजापूरमार्गे अकोला, जी गाडी त्या मुलीच्या नेहमीच्या वाटेवरची असेल ती. आणि मागच्या चाकावरची सीट, जिथं पाय दुमडून बसावं लागतं म्हणून शहाणा माणूस बसत नाही. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत बायकाच बायका असतात, कोण कुठं चालली हे कुणी विचारत नाही. चाकावर आवाज इतका की पुढच्या सीटवरच्यालाही शब्द कळत नाही. पण तुझं खरं कारण वेगळं होतं. दोघी शेजारी शेजारी बसलेल्या, दोघींची तोंडं समोर. तिला तुझा चेहरा बघावा लागत नाही, तुला तिचा. "सामने बिठाके पूछा तो वो जवाब देती है," तू म्हणायचीस, "बाजूले बसून इच्यारलं तं सांगते." मला आधी हे सगळं नाटकी वाटलं होतं. नंतर मी त्या टेप ऐकून उतरवू लागले तेव्हा मत बदललं. अर्धी टेप हॉर्न आणि कंडक्टरची घंटी. उरलेल्या अर्ध्या टेपेत अशी वाक्यं की कुठल्याही खोलीत कुणी बोललं नसतं.

उतरवून झालं की तू आवाज पुसून टाकायचीस. नावं तुझ्या डोक्यात, कागदावर कुठेच नाहीत, मलाही माहीत नाहीत. कागदावर मुलींना तू पिकांची नावं दिलीस. जवस, तीळ, करडई, अंबाडी. मी म्हणाले, शोधनिबंध तपासणारे हसतील. तू म्हणालीस, हसू दे, माणसाचं नाव लिहिलं तर त्या नावाची एखादी खरी पोरगी निघेल आणि तिला विनाकारण त्रास होईल. हे मला पटलं. तुझं पटायचं तेव्हा मी तसं सांगायचे नाही, पुढच्या कामाला लागायचे. तू ते ओळखून असायचीस.

आपली खरी भांडणं न्यायावरून. तू एका कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीवर बाहेरची सदस्य होतीस. कोणत्या, ते लिहीत नाही. चौकशी होईपर्यंत मुलगा आणि मुलगी, दोघांनीही प्रॅक्टिकलला येऊ नये असं समितीनं ठरवलं. दोघांनाही सारखंच, म्हणजे पक्षपात नाही. तू त्या बैठकीतून आलीस ती थेट अकोल्याला माझ्याकडे, आणि चप्पलही न काढता बोलायला लागलीस. मुलगा गावातला. त्याच्याकडे खासगी क्लास होता, मित्रांची जर्नलं होती, ओळखीची लॅब होती. मुलीकडे फक्त तीच लॅब होती आणि तिथपर्यंत नेणारी एक गाडी. दोघांना सारखंच केलं आणि तिची हजेरी कमी भरली, ती परीक्षेला बसली नाही. तो बसला.

"सारखं केलं ना त्यायनं," तू म्हणालीस. "सारखं केलं, म्हनूनच तं तिचं गेलं."

"पण आरोप सिद्ध व्हायचा आहे तोवर त्याचं शिक्षण थांबवायचं?" मी विचारलं.

"कोन थांबवाले सांगून राहिलं? शिकू दे त्याले. दुसरी बॅच दे, दुसरं टाइमटेबल दे. पन हलायचं त्यानं. तिनं काहून हलायचं?"

"आणि तो खरंच निर्दोष निघाला तर?"

"तं बॅच बदलल्यानं मरत नाई कोनी. तिची बॅच गेली तं ती घरी बसते. घरी बसली का लगन लावते."

मी म्हणाले होते, मग आपल्या अहवालात एखाद्या तरी अशा मुलाशी बोलायला हवं, नाहीतर तो लंगडा राहील. तू नाही म्हणालीस. मी पुन्हा म्हणाले, तू पुन्हा नाही. मला अजूनही वाटतं, तिथे भोक आहे. चार माणसं बोट ठेवतील ते तिथेच. तुला याचं उत्तर देता आलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण तू दिलं नाहीस, आणि आता ते माझ्याकडे तसंच पडलं आहे. हलायचं त्यानं, हे मात्र मी अहवालात पहिल्या पानावर टाकलं. तुझ्याच शब्दांत, फक्त भाषा पुण्याची करून.

आता अंबाडीविषयी. तिच्यामुळेच सगळं अडलं.

अंबाडी बी.एस्सी.च्या मधल्या वर्षाला होती. झालं ते वसतिगृहाच्या वाटेवर. तक्रार केल्यावर वसतिगृहानं तिला 'तिच्याच सुरक्षेसाठी' घरी पाठवलं, आणि घरी खरं कारण माहीत नव्हतं. घरच्यांना वाटत होतं, जागा कमी पडली म्हणून काढलं. रोज येऊन-जाऊन ती कसंबसं वर्ष ओढत होती. घरी कळलं असतं तर तेही थांबलं असतं. तिची परीक्षा व्हावी, एवढ्या एका गोष्टीसाठी तू विद्यापीठाचे किती जिने चढलीस ते मी पाहिलं आहे. काय सुटलं, असं तू विचारल्यावर तिनं वसतिगृहाचं काय काय सांगितलं, आणि मग ती ओळ.

"होस्टेलचं पानी गोड होतं."

टेपवर ती ओळ आली तेव्हा बस कुठेतरी थांबली असावी, कारण ती स्वच्छ ऐकू आली. तुला ती फार आवडली. तू तिच्याखाली पेन्सिलनं रेघ मारलीस, आणि बाजूला काही लिहिलंस, घर सोडून आलेल्या मुलीला स्वातंत्र्याची चव कशी लागते असं काहीतरी. मी म्हणाले, ही ओळ काढ, हिचा अभ्यासाशी संबंध नाही. तू म्हणालीस, आख्ख्या अहवालात एवढी एकच ओळ माणसाची आहे. राहिली.

तिचं गाव कळू नये म्हणून तू तालुका बदललास. दर्यापूरकडची ती मुलगी कागदावर मोर्शीची केलीस. आणि अकोल्याच्या चर्चासत्रात तू स्वतः वाचलंस, 'मोर्शी तालुक्यातली, संत्र्याच्या बागांच्या भागातली ही मुलगी सांगते.' पुढे ती ओळ. काही जणी डोळे पुसत होत्या. मी घड्याळ बघत होते, तू वेळेच्या पुढे गेली होतीस.

प्रश्नोत्तरांत मागून एक निवृत्त सर उठले. पांढरा सदरा, हातात पिशवी, हसरा चेहरा. वाईट माणूस नव्हता, हे मी तेव्हाही म्हणाले होते.

"मॅडम, एक शंका हाये," ते म्हणाले. "मोर्शीची पोरगी होस्टेलच्या पान्याले गोड काहून म्हनीन? तिच्या घरी तं संत्र्याच्या विहिरीचं पानी. होस्टेलचं पानी गोड लागते आमच्या खारपानातल्या लेकराले. आमच्या इकडे दाय शिजत नाई त्या पान्यात, साबनाले फेस येत नाई. ही पोरगी मोर्शीची नाई. दर्यापूर साइडची हाये, बरोबर ना?"

लोक हसले. सरांना हुरूप आला. "आमच्या तिकडं एक पोरगी यंदाच होस्टेल सोडून घरी आली..."

तू माइक बाजूला सारलास आणि म्हणालीस, "सर, चहा झाला." एवढंच. चहा झालेला नव्हता. मी उठून सभागृहाचं दार उघडलं आणि लोक सवयीनं बाहेर निघाले. सर बाहेर येऊन मला म्हणाले, "नाई, सहज लक्षात आलं म्हनून बोललो." त्यांना कोडं सुटल्याचा आनंद झाला होता. आपल्याकडच्या माणसाला दुसऱ्याचं गाव ओळखण्यासारखा आनंद नाही. कुणाच्या आडनावावरून, भाजीतल्या तिखटावरून, बोलण्यातल्या हेलावरून. सरांनी पाण्यावरून ओळखलं.

तू अमरावती शहरातली, मी अकोल्याची. आपल्या दोघींच्या नळाला धरणाचं पाणी. खारपाण पट्टा, जिथं जमिनीतलं पाणीच खारं, आपण भूगोलात शिकलो, त्यावर व्याख्यानंही ऐकली. पण मुलगी म्हणाली पाणी गोड होतं, तेव्हा आपल्याला त्यात स्वातंत्र्य दिसलं, आशा दिसली, काय काय दिसलं. ती पाण्याविषयी बोलत होती.

त्या दिवशी परतताना तू बसस्टँडवर माझ्याशी बोलली नाहीस. दुसऱ्या दिवसापासून तू तिच्या वाटेवरच्या गाड्यांत बसत राहिलीस, ती भेटेपर्यंत. भेटल्यावर तिला सगळं सरळ सांगितलंस. मी विचारलं, ती काय म्हणाली? तू म्हणालीस, उतरून गेली.

त्यानंतर तू अहवाल थांबवलास. अंबाडीचं पान काढून बाकीचं देऊ, असं मी म्हणाले, तर तू म्हणालीस, तिला काढायचं म्हणजे तिचं आणखी एक सुटलं. मग बदलून देऊ? नाही. मग तिला विचार आणि तिचं काय ते ठरवू दे. यावर तू चिडलीस.

"इच्यारनं म्हंजे बी दबावच हाये. मी तिच्या परीक्षेसाठी पयालेली बाई. मले ती नाई म्हनू शकीन का?"

"आणि न विचारता तूच ठरवतेस, ते काय आहे?"

तू फोन ठेवलास. बरेच दिवस आपण फक्त कामापुरतं बोललो. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, की तू तिच्याइतकीच स्वतःलाही लपवत होतीस. सगळं आयुष्य सावधपणे वागलेल्या बाईच्या हातून एक चूक झाली होती आणि ती भर सभेत, हसत हसत, दाखवून दिली गेली होती. हे तुला मी तोंडावर म्हणणार होते. कधी म्हणायचं ते ठरत नव्हतं.

दवाखान्यातून तुझा फोन आला तेव्हा आवाज बारीक होता. मी तब्येतीचं विचारलं. तू म्हणालीस, तब्येतीचं राहू दे. "इच्यारलं वं तिले. जवाब यायचा हाये. तवर काही छापू नोको."

मला खरं वाटलं नाही. आजारी माणूस समजूत घालतो तसं काहीतरी बोलते आहेस असं वाटलं. मी "बरं" म्हणाले. माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं 'बरं' आहे.

आणि तू गेलीस. तिचं नाव तुझ्याबरोबर गेलं. ती कोण, कशी दिसते, कुठे आहे, काही माहीत नाही. आणि तिच्या होकाराशिवाय काही छापायचं नाही ही तुझी अट मला मोडवत नाही. काल सभेत लोक तुझं काम पुढे नेण्याची गरज सांगत होते तेव्हा मी हाच विचार करत होते, की जवस, तीळ, करडई, सगळ्यांचं बोललेलं आता माझ्या कपाटात पडून राहणार. परीक्षेला न बसू दिलेल्या मुली पुढच्या वर्षीही तशाच घरी बसतील, आणि प्रत्येक समिती दोघांना सारखंच करत राहील. आणि याला कारण मी नाही, तू आहेस असंही म्हणता येत नाही, मग राग कुणावर काढायचा?

सभा संपल्यावर मी स्टँडवर आले. अकोल्याची गाडी लागलेली होती. सवयीनं चाकावरच्या सीटवर जाऊन बसले. गाडीत जागा होत्या, तरी एक मुलगी येऊन माझ्याच शेजारी बसली. स्कूटीवर फिरणाऱ्या मुली बांधतात तसा स्कार्फ, फक्त डोळे उघडे. मला थोडं विचित्र वाटलं. बडनेरा मागे पडलं, गाडीनं वेग घेतला, चाक गरजायला लागलं, तेव्हा ती बोलली.

"मॅडमचा फोटो चांगला नाई लावला त्यायनं."

मी वळून पाहिलं. ती समोर बघत होती. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पाटीकडे, सरळ. तेव्हा मला कळलं, आणि मीही तोंड समोर केलं.

"तुमी अकोल्याच्या ना? आकडेवाल्या?"

"हो," मी म्हणाले. तू मला माझ्यामागे हेच म्हणायचीस तर.

"मी अंबाडी."

पिकाचं नाव तू तिला सांगितलं होतंस, हेही मला माहीत नव्हतं. इतके दिवस मी तिला काय विचारीन याचा विचार केला होता, आणि तोंडातून एकच निघालं. "परीक्षा?"

"देली. पास झाली. आता पुढचं शिकून राहिली. कुठी ते नाई सांगत."

"नको सांगूस."

"घरी माईत हाये आता. मॅडमनं त्या सरचं सांगतलं ना, मंग मी म्हनलं, त्यायनं सांगायच्या आंधी आपनच सांगावं. आईले सांगतलं. आईनं बाबाले सांगतलं. बाबा गंज दिवस बोललेच नाई माह्यासंग." गाडी एका गावात थांबली, माणसं चढली-उतरली, तोवर ती गप्प राहिली. गाडी पुन्हा पळायला लागली. "मंग एक दिवस सकायी गाडी काढली आन स्टँडवर सोडाले आले. तवापासून रोज येत होते."

मी पाटीकडेच बघत राहिले. तुझ्याकडून एवढं शिकले होते.

"मॅडमनं मले इच्यारलं होतं, छापू का म्हनून. मी म्हनलं, सांगीन. मले ईचार कराचा होता. मंग मॅडमचा फोनच नाई लागला." मग म्हणाली, "छापा तुमी. पन मोर्शी खोडा."

"मग काय लिहू?"

"खारपान लिवा. आमच्या गावापासून पार कुठवर खारं पानी हाये, तुमाले माईत हाये ना? गंज गावं हायेत. तेवढ्या गावात किती पोरी असतीन? त्यातली एक म्हना. थे पानी माह्या एकटीचं थोडंच हाये. खोटं गाव लिवलं म्हनून त्या सरले सापडली मी. खरं लिवलं असतं तं कोनाले सापडली असती?"

नसरीन, तू आणि मी, दोघींनी इतकी वर्षं लपवालपवीचे इतके उपाय केले, आणि हे आपल्या डोक्यात आलं नाही. तिला लपवायला आपण तिचं घर बदललं. तिचं म्हणणं, तिला तिच्याच माणसांत सोडा, तिथे ती आपोआप दिसणार नाही. आणि विचारायला हवं होतं, हे माझं म्हणणं बरोबर निघालं. पण विचारून तिला वेळ द्यायला हवा होता, हे तुझं. भांडण बरोबरीत सुटलं म्हणायचं. मुलाशी बोलण्याचं मात्र अजून बाकी आहे.

उतरायची वेळ जवळ आली तसं तिनं पिशवी मांडीवर घेतली. तेवढ्यात माझ्यातली तक्तेवाली जागी झाली. मी विचारलं, "ती पाण्याची ओळ काढू का? म्हणजे त्रास नको."

तेव्हा ती पहिल्यांदा वळली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"थे काहून काढता?" ती म्हणाली. "तेवढंच तं चांगलं होतं तिथं."

आणि उतरली. कुठे उतरली ते लिहीत नाही. या मजकुरातही मी काही गोष्टी इकडच्या तिकडे केल्या आहेत. कोणत्या, ते तू ओळखशील.

आज सकाळी अहवाल काढला. मोर्शी खोडलं, संत्र्याच्या बागा खोडल्या, 'खारपाण पट्ट्यातली एक मुलगी' लिहिलं. ओळ तशीच ठेवली, तिच्याखालची तुझी रेघही. स्वातंत्र्याच्या चवीविषयी तू बाजूला लिहिलं होतंस ते मात्र काढून टाकलं. उद्या पाठवते आहे.

एक सांगायचं राहिलं. ती उतरल्यावर मी रडले. पुढे अकोला येईपर्यंत. चाकावरची सीट होती, कुणाला ऐकू गेलं नाही.